किलोमीटर किती ठेवायचे?

या सदरात लिहिणाऱ्यांना मी आजवर भरपूर छळलंय, हे आधीच कबूल करते. कोणी लिहिलं की आजोबा गेले त्या क्षणी भिंतीवरचं घड्याळ थांबलं, की खाली माझी कमेंट ठरलेली — "सेल कधी बदलला होता?" कोणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू आली, की मी विचारणार, वरच्या मजल्यावर कोण राहतं. बऱ्याच जणांनी मला ब्लॉक केलंय. त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं असतं.

आणि आज मीच इथे लिहायला बसलेय.

भूत, करणी, आत्मा यातलं मी काहीही मानत नाही. कालही नाही, आजही नाही. त्यामुळे "आता तरी पटलं ना?" असं कृपा करून कोणी लिहू नका. मला त्याची किळस येईल. तशीही गेले दोन महिने ती येतेच आहे... पण त्यातली सगळ्यात मोठी किळस कशाची, ते पुढे कळेल.

आम्ही मूळचे पारोळा तालुक्यातले. माझा जन्म मात्र सुरतेतला. पर्वत पाटियाच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या, आणि खोल्यांकडे जायला एक अरुंद बोळ. बोळाच्या तोंडाला लोखंडी दार. वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — कडोदऱ्याच्या एका खात्यात कारीगर होते. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात आणि लूम चालवणाऱ्याला कारीगर. म्हणजे तसं इथे हाताने काम करणारा प्रत्येक जण कारीगरच. लूमवरचा, भरतकामाच्या मशीनवरचा, गॅरेजमधला, सगळे.

आप्पा पत्रकं काढायचे. पाठपोट एक कागद, स्वस्त गुलाबी नाहीतर पिवळा. मी बाराखडीच्या पुस्तकाआधी त्यांच्या पत्रकांवर वाचायला शिकले. माझ्या वयाच्या मुली अंगणात खेळायच्या तेव्हा मी शंभर-शंभर पत्रकांना घड्या घालत बसायचे. भगताच्या नादी लागू नका, कामाच्या पाळीत पिण्याचं पाणी द्या, कारीगराचं बोट गेलं तर उपचार कोण करणार... असे विषय. आणि त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे मीटर.

लूमवर एक मीटर बसवलेलं असतं. किती कापड विणलं ते त्यावर दिसतं आणि कारीगराची मजुरी त्यावर ठरते. आता काही खात्यांत हे मीटर मुद्दाम हळू चालायचं. कधी बंदच पडायचं, आणि मग मुकादम म्हणायचा, मीटर बंद तर काम पण बंद समजायचं. माणूस बारा तास उभा होता, कापड समोर गुंडाळलेलं आहे, तरी समजायचं! म्हणून आप्पांनी कारीगरांना एक सवय लावली. मीटर चालू असो की बंद, पाळी संपताना आपला आकडा आपण मोजायचा आणि शेजारच्या भिंतीवर खडूने लिहायचा. त्यावरच्या पत्रकाचं शीर्षक मला पाठ आहे — 'मीटर मालकाचं, खडू आपला.'

आप्पा गेले त्याला आता आठ महिने झाले. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झालेला.

मागे राहिली त्यांची मोटरसायकल. तिचं स्पीडोमीटर आप्पा आजारी पडायच्या बरंच आधी बंद पडलं होतं. काच तडकलेली, काटा शून्यावर पडलेला आणि किलोमीटरचा आकडा ५८,४१२ वर अडकलेला. आप्पांनी ते दुरुस्त केलं नाही. तशीच गाडी चालवत ते रोज कडोदऱ्याला जात-येत राहिले. ते गेल्यावर गाडी बोळात उभी राहिली. माय रोज तिची सीट पुसायची आणि रोज रडायची. शेवटी माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी म्हणाले, विकून टाकू.

दाजींचं रिंगरोडला साड्या पॅक करायचं काम आहे आणि सगळ्या सुरतेत ओळख. ते मला गाडीसकट एका गॅरेजमध्ये घेऊन गेले. मेकॅनिकने जुनं मीटर काढलं, नवं बसवलं. आकड्यांची चाकं असलेलं साधं मीटर, कोरं, सगळे शून्य. मग त्याने फडक्याला हात पुसले आणि चहात साखर किती, असं विचारावं तसं मला विचारलं —

"बेन, किलोमीटर केटला राखवाना?"

किती ठेवायचे! मी म्हटलं, "म्हणजे?"

दाजी हसले. "अगं, शून्य ठेवलं तर गिऱ्हाईकाला संशय येतो. आणि अठ्ठावन्न ठेवलं तर कोण घेईल? एकवीस-साडेएकवीस ठेव रे भाई."

"दाजी, हे बरोबर नाही."

"बाजारात एक गाडी दाखव मला, जिचं मीटर खरं आहे. सगळेच करतात. आप्पांची गाडी भंगारात गेली तर बरं वाटेल का तुला?"

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी! मी काहीही केलं नाही. मान डोलावली. कारण सांगते, लपवत नाही. गाडीच्या पैशातून मला लॅपटॉप घ्यायचा होता. अन्यायाविरुद्ध लेख लिहायला. सगळ्यात मोठी किळस म्हणाले, ती हीच.

मेकॅनिकने मीटर उघडून टाचणीने एकेक चाक फिरवलं. २१,५००. मग मागचे स्क्रू घट्ट केले आणि त्यांवर लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब टाकला. त्याची ती खूण होती. कोणी उघडलं तर थेंब फुटतो. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे सगळं, भर दुपारी.

गिऱ्हाईक आठवड्यात मिळालं. बाहेरचं असतं तर कदाचित मला इतकं लागलंही नसतं. तो भूषण निघाला. भूषण लूम चालवायला आप्पांच्या हाताखाली शिकला होता. आता त्याने खातं सोडलं होतं आणि पाणी शुद्ध करायच्या मशीन दुरुस्त करायची नोकरी त्याला लागली होती. कडोदऱ्यापासून बारडोलीपर्यंतचा पट्टा, घरोघरी जायचं, स्वतःची गाडी पाहिजे ही अट.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला.

"ताई, किती चालली असेल?"

मी म्हटलं, "मीटरवर दिसतंय ना."

खोटं बोलले नाही मी. शब्द नीट बघा, कुठेही खोटं सापडणार नाही. मुकादमही असंच बोलायचा.

भूषण गाडी घेऊन गेला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊ-साडेनऊला तो गाडी घेऊन दारात उभा. चेहरा उतरलेला.

"ताई, आज सकाळी निघण्याआधीचा हा मीटरचा फोटो बघ."

६१,९१८.

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. पुन्हा वाचलं. तेच.

झालं असं होतं — भूषणच्या कंपनीत रोज सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर मीटरचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो. शनिवार संध्याकाळच्या फोटोत २१,६८४. रविवारची एक तातडीची कंप्लेंट होती म्हणून सकाळी फोटो काढायला गेला, तर हा आकडा. गडबडीत न बघताच पाठवून दिला. साहेबाचा लगेच व्हॉइस मेसेज. तो त्याने मला ऐकवला — "भूषणभाई, चालीस हज़ार किलोमीटर एक रात में? लंडन गए थे क्या? कल ऑफिस आओ, गाड़ी लेके. मीटर से खेलने वाला आदमी मुझे नहीं चाहिए."

"नोकरी जाईल ताई," भूषण म्हणाला. "मी हातपण लावला नाही. आईची शपथ. घरासमोर उभी होती, हँडल लॉक होतं."

मी लगेच दाजींना बोलावलं आणि आम्ही तिघं त्याच गॅरेजवर गेलो. रविवार असूनही उघडं होतं. मेकॅनिकने मीटर बाहेर काढून उलटं केलं. लाल थेंब तसेच्या तसे, एकही फुटलेला नाही. मी त्यावर नख फिरवून पाहिलं. जुनाच, वाळलेला. त्याने स्क्रू काढून आत पाहिलं. चाकं घट्ट, दाते शाबूत. असं मीटर चाळीस हजार पुढे जायला गाडी खरंच तेवढी चालावी लागते, दुसरा रस्ता नाही, हे त्याने मला दोनदा समजावलं. मग त्याने मीटरला हात जोडले.

"आ में नथी कर्युं, बेन." हे मी केलेलं नाही.

आणि हात जोडून झाल्यावर, अगदी त्याच आवाजात — "तो हवे पाछा केटला राखवाना?" मग आता परत किती ठेवायचे!

खरं सांगते, त्या दिवशी मी घाबरले नाही. मला किळस आली. गॅरेजच्या बाहेर गटारापाशी जाऊन मी उभी राहिले. हा माणूस चमत्कारालाही नमस्कार करणार आणि त्याच बोटांनी चाकंही फिरवणार! 'आहे तसंच बसव,' एवढंच मी त्याला ओरडून सांगितलं.

घरी आलो तर दाजींनी फोनवर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. बहीण येऊन बसलेली. माय बोळात, गाडीची वाट बघत. गाडी आत घेताच तिने हँडलला हात लावला आणि म्हणाली, "त्यासनंच काम शे हाई. मले म्हाईत व्हतं."

दाजी, तेच दाजी ज्यांनी एकवीस-साडेएकवीस ठेव म्हटलं होतं, बाहेर जाऊन नारळ, अगरबत्ती आणि झेंडूचा हार घेऊन आले. कपाळावर घाम. गाडीसमोर वाकून म्हणतात, "आप्पा, चुकलो. माफ करा." शेजारची दोन-तीन माणसं आली. एका काकूंनी मीटरला हळदकुंकू लावलं. कोणीतरी गावाकडच्या भगताला फोन लावायला सांगत होतं. ज्या माणसाने भगतांविरुद्ध दहा हजार तरी पत्रकं वाटली असतील, त्याच्या नावाने!

आणि भूषण एका कोपऱ्यात उभा. त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नव्हतं. त्याची नोकरी जाणार होती आमच्यामुळे. मेलेल्या माणसाची माफी मागायला सगळे तयार होते, समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाची मागायला एकही नाही. मीसुद्धा नाही, हे लिहून ठेवते.

मी त्याऐवजी वाद घालत होते.

"हे आप्पांचं काम असतं ना, तर आकडा जुळला असता," मी म्हटलं. मोबाइलवर हिशोब करून दाखवला. "बघा. नवं मीटर लावल्यावर गाडी चालली एकवीस पाचशेपासून एकवीस सहाशे चौऱ्याऐंशीपर्यंत, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी. आप्पांचं मीटर बंद पडलं ५८,४१२ वर. बेरीज येते ५८,५९६. आणि सकाळच्या फोटोत काय आहे? ६१,९१८. कशाचा कशाला मेळ नाही. मीटर खराब निघालं, विषय संपला. भुताला बेरीज येत नाही का?"

"तुनं तोंड बंद कर वं," माय म्हणाली. "आनि ते दार लोट. कुत्रं यी आनि नारळ ली जाई."

बोळाचं लोखंडी दार आमच्याकडे कायम उघडंच असतं, भिंतीला टेकलेलं. आप्पा रोज गाडी आत-बाहेर करायचे म्हणून. ते गेल्यावरही कोणी ते लावलं नव्हतं. खाली वीट अडकवलेली असायची. मी वीट सरकवली आणि दार ओढलं.

दाराच्या मागे, भिंतीवर, खडूने लिहिलेले आकडे होते.

वरून खालपर्यंत. आप्पांचं अक्षर. पहिला आकडा ५८,४१२ आणि त्याच्यापुढे 'बंद'. त्याखाली ५८,४३८. मग ५८,४६४. रोजचे सव्वीस किलोमीटर, कडोदऱ्याला जाऊन-येऊन. मध्येच एकदा मोठी उडी आणि पुढे लिहिलेलं 'बारडोली'. चार-पाच रकान्यांनी अर्धी भिंत भरलेली. त्यांचं मीटर बंद पडलं होतं, पण त्यांनी मोजणं थांबवलं नव्हतं. दार लावून, खडूने लिहून, दार पुन्हा उघडून ठेवायचे. रोज. आम्हाला कोणाला पत्ताही नाही.

शेवटच्या ओळी मी खाली बसून वाचल्या. ६१,६८२. ६१,७०८. ६१,७३४. त्यानंतर भिंत कोरी.

बेरीज करायला मला मोबाइल लागला नाही. ६१,७३४ आणि १८४.

६१,९१८.

मला वाटतं मायने आधी पाहिले असतील आकडे, पण तिला वाचता येत नाही. बाकी कोणी दार लावल्याचं आठवत नाही. मेकॅनिकने आमचं घर पाहिलेलं नाही. भूषणने ती भिंत त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. आणि एक गोष्ट तर मला आजही झोपू देत नाही. आप्पांचा आकडा हा खरा आकडा नव्हताच. तो अंदाज होता, एका कारीगराने स्वतःच्या मनाने मोजलेला. गाडी प्रत्यक्षात किती चालली ते कोणालाच माहीत नाही. तरी त्या मीटरने त्यांचं मोजणं मान्य केलं. त्यांच्या आयुष्यात एकाही मीटरने केलं नव्हतं.

दाजी भिंतीला हात जोडायला पुढे झाले. मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं.

"तिकडे नाही. इकडे," मी म्हटलं आणि भूषणकडे बोट दाखवलं.

मग मीच बोलले. सगळं. गॅरेज, टाचणी, साडेएकवीस, लॅपटॉप. भूषणने मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "ताई, मी मीटर बघितलंच नव्हतं त्या दिवशी. मी तुझ्याकडं बघून घेतली गाडी."



"परत देतोस?" मी विचारलं.

"गाडी चांगली चालते," तो म्हणाला. "मला फक्त उद्याचं सांग. साहेबाला काय सांगू?"

"तू काही सांगू नको. मी येते."

सोमवारी सकाळी दहाला आम्ही त्याच्या कडोदऱ्याच्या ऑफिसात. मी कागदावर लिहून नेलं होतं. पाठपोट, आप्पांसारखं. गाडी विकण्याआधी मीटर आमच्या घरच्यांनी खोटं लावलं, माझ्या संमतीने, भूषणला याची माहिती नव्हती, खरा आकडा एकसष्ट हजारांचाच. खाली सही, नाव, पत्ता. साहेबाने तो वाचला आणि हसला.

"मैडम, इतना लिखने की क्या ज़रूरत थी? सब करते हैं."

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. दाजींचं वाक्य होतं ते, फक्त हिंदीत.

"सब नहीं करते," मी म्हटलं.

"ठीक है, ठीक है. मतलब इक्कीस वाला ग़लत था, इकसठ वाला सही है?"

"हां."

त्याने फॉर्म पुढे ओढला. 'मीटर दुरुस्ती' असं काहीतरी वर छापलेलं. "तो बीच में ठीक किसने किया?"

हा प्रश्न येणार हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. मेकॅनिकने केलं म्हणाले तर खोटं. माहीत नाही म्हणाले तर भूषणवर पुन्हा संशय. आणि दुसरं जे होतं ते बोलायला माझी जीभ रेटेना, ती आजही रेटत नाही.

भूषण माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी गाडी घेताना बघत होता तसाच.

"कारीगर ने," मी म्हटलं.

"कारीगर का नाम?"

मी आप्पांचं पूर्ण नाव सांगितलं. साहेबाने स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं, त्याने ते रकान्यात भरलं, खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि शिक्का मारला. भूषणची नोकरी टिकली.

त्यानंतर मीटर अगदी साध्या मीटरसारखं चालतंय. मी दर रविवारी भूषणकडून फोटो मागवते. दिवसभरात जेवढी गाडी चालते तेवढाच आकडा पुढे जातो, एक किलोमीटर इकडे नाही, तिकडे नाही. मी दोन मेकॅनिक आणि डिप्लोमाला शिकवणाऱ्या एका सरांना विचारून झालं. तिघांनीही असं होऊ शकत नाही म्हणून सांगितलं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर लिहा, मी सेल कधी बदलला होता असं विचारणार नाही. आत्मा वगैरे लिहू नका, एवढीच विनंती.

मी मान का डोलावली होती, त्याचं मात्र संपूर्ण स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. त्यात गूढ काहीच नाही.

लॅपटॉप घेतला नाही. हे फोनवर टाइप केलंय. बोळाचं दार आता आम्ही लावून ठेवतो, आकडे दिसतात. आणि कडोदऱ्याच्या एका ऑफिसात, एका फायलीत, शिक्का मारलेला एक कागद आहे. त्यावर लिहिलंय की हे मीटर आप्पांनी दुरुस्त केलं. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. ती सही खोटी आहे असं मला अजून म्हणता आलेलं नाही.